चाकाचा रंग आणि हाताची किंमत



पावसाळा सरत आला, नवरात्राची तयारी सुरू झाली, की आपल्या कुटुंबांच्या ग्रुपवर गाड्यांचा विषय निघतोच. दसऱ्याला गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं. यंदा एका घरातून प्रश्न आला आहे. गाडीच्या लोखंडी रिमना पावसानं गंज चढलाय, रंगाचे पोपडे सुटलेत. मुलगा म्हणतो, "स्प्रेचे डबे आणतो आणि दोन रविवारांत घरीच रंगवून टाकतो. बाहेर पैसे कशाला घालवायचे?" वडील म्हणतात, "ज्याचं काम त्यानं करावं. रंगाऱ्यालाही घर आहे, त्याचाही दसरा आहे." आणि आई विचारतात, धर्माच्या दृष्टीनं यात बरोबर कोण?

प्रश्न चाकाचा असला तरी तो एका घरापुरता नाही. फराळ घरी करायचा की ऑर्डर द्यायची, पंखा स्वतः उघडायचा की इलेक्ट्रिशियन बोलवायचा, बाग आपण खुरपायची की माळी लावायचा, हे रोजचंच आहे. स्वतःच्या हातानं करणं हा गुण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तोच गुण कधी दुसऱ्याच्या पोटावर पाय तर ठरत नाही ना? म्हणून आम्ही ठरवलं की या प्रश्नावर सगळ्यांनी मिळून थोडा विचार करावा.

आधी काम काय आहे ते नीट पाहू. न पाहिलेल्या कामाची किंमत आपण नेहमी कमीच धरतो.

गाडी सपाट जागेवर उभी करायची, हँडब्रेक ओढायचा, बाकीच्या चाकांना दगड किंवा ठोकळे लावायचे. चाक जमिनीला टेकलेलं असतानाच नट थोडे सैल करायचे आणि मग जॅक लावायचा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. चाक निघालं की साबणाच्या पाण्यानं स्वच्छ धुवायचं, कारण ब्रेकची काळी पूड आणि तेलकटपणा राहिला तर वरचा रंग धरतच नाही. मग तारेच्या ब्रशनं गंज खरवडायचा, पॉलिश पेपरनं घासायचं, आधी जाड आणि मग बारीक. टायर आणि रिम यांच्या फटीत खेळायचे जुने पत्ते खोचायचे, म्हणजे टायरवर रंग उडत नाही. मग प्रायमर. त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात, दोन हातांमध्ये १०-१५ मिनिटं थांबून. शेवटी लॅकर. घाईनं एकच जाड हात मारला तर ओघळ येतात. हवा दमट असेल तर रंग धुरकट दिसतो. आणि सगळं झाल्यावर निदान २४ तास हात लावायचा नाही.

या सगळ्यात रंग मारायला लागणारा वेळ अगदी थोडा. खरा वेळ जातो घासण्यात आणि थांबण्यात. गोव्याकडच्या आपल्या मंडळींना तर हे सांगायलाच नको. खाऱ्या हवेत गंजाचा एक ठिपका जरी रंगाखाली राहिला, तरी काही महिन्यांत तो पोपडा होऊन वर येतो.

आता मुलाच्या हिशोबाकडे येऊ. तो म्हणतो, पैसे वाचतील. त्यानं डब्यांचे पैसे धरले, पॉलिश पेपरचे धरले, स्वतःचे दोन रविवार मात्र धरले नाहीत. स्वतःचा वेळ फुकट धरायला हरकत नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण आपल्याला खोड अशी लागलेली असते की तोच हिशोब आपण रंगाऱ्यासमोरही मांडतो. "अहो, दोन डब्यांचा तर रंग लागतो, इतके कसले सांगता?" म्हणजे आपला वेळ फुकट धरता धरता आपण त्याचाही वेळ फुकट धरून टाकतो. घासाघीस बहुतेक इथूनच सुरू होते. त्यात दुष्टपणा नसतो. ते काम आपण कधी हातानं केलेलं नसतं, एवढंच.

इथे विनोबांची आठवण येते. त्यांचं शिक्षण बडोद्यात झालं, त्यामुळे तिकडच्या आपल्या लोकांना ते विशेष जवळचे. १९३०च्या दशकात वर्ध्याजवळ नालवाडीला असताना त्यांनी एक प्रयोग केला. रोज कित्येक तास सूत कातायचं आणि त्या कताईची जी मजुरी होईल तिच्यावरच जगून पाहायचं. खादी वापरणारे लाखो होते, सूत कातणाऱ्या बाया खेड्याखेड्यांत होत्या, पण दिवसभर कातून हातात पडतं किती आणि त्यात पोट भरतं का, हे विनोबांनी स्वतःच्या पोटावर मोजलं. त्यांना काही पैसे वाचवायचे नव्हते. कातणारीचा हात त्यांना आतून कळून घ्यायचा होता.

स्वतः काम करण्याची ही खरी बाजू आहे, असं आम्हाला वाटतं. हातानं केलेलं काम आपल्याला दुसऱ्याच्या हाताची किंमत शिकवतं. म्हणून त्या मुलाला आम्ही "नको" म्हणणार नाही. जरूर कर, आनंदानं कर. फक्त एक कसोटी लाव. काम संपल्यावर, पाठ आणि मनगट दुखत असताना, तुझ्या मनात काय येतं? "बघा, एवढंसं काम, उगाच हजारो रुपये घेतात" असं आलं, तर तू चाक रंगवलंस पण शिकला नाहीस. "बापरे, हे तो माणूस रोज करतो" असं आलं, तर ते दोन रविवार सत्कारणी लागले. पुढच्या वेळी कुठल्याही कारागिराशी बोलताना तुझा आवाज आपोआप खाली येईल.

आता वडिलांचं म्हणणं. ते म्हणतात, ज्याचं काम त्यानं करावं. यात एक मोठा आदर आहे. हातकामातही विद्या असते, हे मानणं सोपं नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यात कलाभवन सुरू केलं आणि चित्रकला, रंगाई, यंत्रकाम यांसारख्या गोष्टी रीतसर शिकवण्याची सोय केली. हात चालवणाऱ्याला शिकलेला माणूस म्हणण्याची ती सुरुवात होती. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत किंवा लेथवर आयुष्य काढलेले आपले कितीतरी लोक आहेत, त्यांना ही विद्या काय असते ते ठाऊक आहे.

पण पैसे दिले की आपलं कर्तव्य संपलं, असं मात्र होत नाही. काम देणं म्हणजे उपकार नव्हे. तीन ठिकाणी भाव काढून सगळ्यात स्वस्त माणसाकडे चाकं टाकली, वर आणखी शंभर कमी करवले आणि पैसे "पुढच्या आठवड्यात देतो" म्हटलं, तर त्यात रंगाऱ्याच्या दसऱ्याचा विचार कुठे राहिला? शिवाय सगळ्यात स्वस्त भाव येतो कुठून, हेही पाहायला हवं. दोन द्रव्यं मिसळून मारायचं जे पक्कं लॅकर असतं, त्यात बहुधा आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. ते श्वासातून आत गेलं तर कायमचा दमा जडू शकतो आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. त्यासाठी वेगळा मास्क लागतो, हवा खेळती लागते. एखाद्या दुकानात बंद खोलीत पोरगा रुमाल बांधून स्प्रे मारत असेल, तर आपले वाचलेले शंभर रुपये त्याच्या छातीतून आलेले असतात. हे बघून न बघितल्यासारखं करणं आपल्याला शोभत नाही.

आणि हीच गोष्ट घरी रंगवणाऱ्यालाही लागू आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्प्रे मारला, तो शेजाऱ्याच्या गाडीवर बसला, वरच्या मजल्यावरच्या आजींना खोकला लागला, खरवडलेला रंग गटारात गेला, तर आपली बचत दुसऱ्यांनी भरली. मोकळी जागा, वारा पडलेला, खाली जुने पेपर, तोंडाला योग्य मास्क आणि शेजाऱ्यांना आधी दोन शब्द, एवढं तरी हवंच. पक्क्या लॅकरच्या वाटेला घरी जाऊच नये, साधं लॅकर पुरतं.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. चाकात दोन गोष्टी असतात, शोभा आणि भार. शोभा आपली, भार सगळ्यांचा. रंग वाकडातिकडा झाला तर हसं आपलं होईल, दुसऱ्या कुणाचं काही बिघडणार नाही. तिथे शिकायला मोकळीक आहे. पण चाकावर घरातली चार माणसं बसतात आणि रस्त्यावर समोरून कुणाचं तरी लेकरू येत असतं. तिथे शिकाऊपणा चालत नाही.

उदाहरणच घ्या. नट जिथे बसतात त्या खळग्यांवर आणि चाक हबला जिथे टेकतं त्या मागच्या भागावर रंगाचा जाड थर बसला, तर गाडी चालताना तो थर दबतो आणि घट्ट केलेला नट ढिला पडतो. म्हणून तो भाग झाकून ठेवायचा. चाक बसवताना नट समोरासमोरच्या क्रमानं आवळायचे आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे. रिमला तडा असेल किंवा ती वाकलेली असेल, तर तिथे रंगाचा विचारच नको. तडा रंगाखाली झाकला तर तो दिसायचा थांबतो, वाढायचा थांबत नाही. असं चाक जाणकाराला दाखवायचं आणि तो "बदला" म्हणाला तर बदलायचं.

अलॉय व्हीलला पावडर कोटिंग करायचं असेल तर ते घरचं काम नाहीच. ती पूड साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला भट्टीत पक्की होते. भट्टी बेताबाहेर तापली तर अलॉयची ताकद कमी होऊ शकते. म्हणून तिथेही नुसतं स्वस्त-महाग न पाहता भट्टीवर नीट लक्ष ठेवणारा माणूस पाहायचा. त्यानं जास्त पैसे सांगितले, तर ते त्या लक्ष ठेवण्याचे आहेत, असं समजून द्यायचे.

मग आईंच्या प्रश्नाचं उत्तर काय? आम्हाला असं वाटतं, की ज्या कामाच्या चुकीचं ओझं फक्त आपल्यावर पडतं, ते काम स्वतःच्या हातानं करून पाहावं. ज्याच्या चुकीचं ओझं दुसऱ्यावर पडतं, ते जाणणाऱ्याच्या हाती द्यावं. आणि दिलं की त्याचा दाम मनापासून, वेळेवर द्यावा. मुलगा आणि वडील दोघांचंही म्हणणं यात बसतं. गुरुजींकडून आपण सेवेबद्दल जे ऐकत आलो, त्याच्याशीही हे जुळतं. सेवा म्हणजे काम करणं एवढंच नाही, दुसऱ्यानं आपल्यासाठी केलेलं काम ओळखणं हीसुद्धा सेवाच.

त्या घराला आमची एक साधी सूचना आहे. पहिला प्रयोग स्टेपनीवर करा. बाप-लेकांनी मिळून घासावं, थांबावं, रंग द्यावा. चांगलं जमलं तर बाकीची चाकं एकेक करून घ्यावीत. नाही जमलं तर चारही चाकं रंगाऱ्याकडे न्यावीत आणि तो जो भाव सांगेल तो ऐकताना त्या स्टेपनीची आठवण ठेवावी. कुठल्याही वाटेनं गेलात तरी शेवटी नट मात्र एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि त्या पाच मिनिटांच्या कामाचेही पैसे विचारून द्यावेत.

दसऱ्याच्या दिवशी आपण गाडीला हार घालतो. त्याच दिवशी रंगारी आपल्या कॉम्प्रेसरला आणि स्प्रेगनला हार घालतो, पंक्चरवाला आपल्या पान्यांना आणि जॅकला हळदकुंकू लावतो. पूजा एकच आहे. यंदा आपल्या गाडीला हार घालून झाला, की त्यांच्या दुकानावरून जाताना दोन मिनिटं थांबा आणि त्यांच्याही हातात आपट्याचं पान ठेवा. काही देणं राहिलं असेल, तर ते मात्र त्याच्या आदल्या दिवशीच चुकतं करा.