राखायचं ते कुणासाठी

1933 च्या जूनमध्ये पुण्यात ‘पर्णकुटी’ बंगल्यावर एक लग्न लागलं. वधू अय्यंगार ब्राह्मण घरातली, वर गुजराती वाणी. मुलीचे वडील चक्रवर्ती राजगोपालाचारी, म्हणजे राजाजी, मुलाचे मोहनदास गांधी. दोन्ही वडिलांनी या मुलांना पाच वर्षं थांबायला लावलं होतं आणि त्यानंतरही त्यांचं मन बदललं नाही म्हटल्यावर आनंदानं संमती दिली होती. राजाजी काही परंपरा झुगारून देणारे नव्हते. गीतेवर आणि उपनिषदांवर लिहिणारे, रामायण-महाभारत सोप्या भाषेत घरोघरी पोचवणारे, आयुष्यभर खादीच्या धोतरात वावरलेले गृहस्थ. ज्या परंपरेवर आपलं प्रेम आहे तिच्यातलं अन्यायाचं कलम त्यांनी आधी स्वतःच्या घरात रद्द केलं. सहा वर्षांनी मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात दलित भक्तांचा प्रवेश झाला तेव्हा, मद्रास प्रांताच्या सरकारचे प्रमुख म्हणून, त्या प्रवेशाला त्यांनी कायद्याचं संरक्षण दिलं.

परंपरानिष्ठ राजकारणाला आपल्याकडे सरसकट प्रतिगामी म्हणून बाजूला सारलं जातं, नाहीतर संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली सगळंच खपवून घेतलं जातं. त्यामुळे या राजकारणात चारित्र्य आणि तत्त्व म्हणजे नेमकं काय, याचा विचार राहूनच जातो. तो करायचा तर राजाजींच्या आयुष्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. त्यात मोठेपण आहे आणि एक मोठी चूकही आहे. ती चूक मला जास्त शिकवते.

1952 साली राजाजी मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झाले. खेड्यांतली मुलं मोठ्या संख्येनं शाळेबाहेर होती आणि तिजोरीत पैसा नव्हता. 1953 मध्ये त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. शाळा दोन पाळ्यांत भरवायची, प्रत्येक मुलानं रोज तीन तास शिकायचं आणि उरलेला वेळ घरी आईवडिलांच्या हाताखाली त्यांचं काम शिकायचं. त्याच इमारतीत, त्याच शिक्षकांकडून दुप्पट मुलं शिकतील, हा त्यामागचा हिशोब. गांधीजींच्या नई तालीमचे संस्कार असलेल्या माणसाला हातानं काम करण्यात कमीपणा दिसणं शक्यच नव्हतं.

पण आईवडिलांचं काम म्हणजे कोणतं काम? कुंभाराच्या मुलानं चाकावर बसायचं, परटाच्या मुलानं घाटावर जायचं, मेलेली जनावरं ओढणाऱ्याच्या मुलानं तेच करायचं. बलुतेदारी पाहिलेल्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ज्याला जातीनं दिलेल्या धंद्यातून सुटायचं आहे, त्याच्यासाठी शाळा हा एकच दरवाजा होता, आणि तो दुपारनंतर बंद होणार होता. पेरियार आणि द्रमुक रस्त्यावर उतरले. ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाच्या धंद्याचं शिक्षण, हे नाव योजनेला जे चिकटलं ते कायमचं. खुद्द काँग्रेसमध्ये असंतोष वाढला, राजाजींना पद सोडावं लागलं, आणि एप्रिल 1954 मध्ये मुख्यमंत्री झालेल्या कामराजांनी योजना मोडीत काढली.

मुलीचं लग्न जातीबाहेर करून देणारा, मंदिरं खुली करणारा माणूस जातिव्यवस्था टिकवायला ही योजना आणेल, हे मला पटत नाही. चूक हेतूत नव्हती. मला वाटतं, ती त्यांच्या स्वच्छपणातूनच आली. आपला हेतू शुद्ध आहे याची ज्याला खात्री असते, त्याला समोरच्याची भीती गैरसमज वाटते. आपलं आयुष्यच आपल्या बाजूनं साक्ष देतंय, मग पक्षात आणि विधिमंडळात खल कशाला, लोकांना पटवत कशाला बसायचं, असं त्याला वाटू लागतं. भ्रष्ट माणसाला निदान पकडले जाण्याची धास्ती असते. स्वच्छ माणसाला तीही नसते. जुनी घडी राखू पाहणाऱ्या नेत्याला तर याचा धोका दुप्पट, कारण ज्या घडीत तो सुखानं वाढला तीच घडी दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझं असू शकते. ते ओझं त्याला स्वतःहून जाणवणार नाही. कुणीतरी सांगावं लागतं, आणि त्यानं ते ऐकावं लागतं.

एवढ्यावर राजाजी संपले असते तर त्यांच्याबद्दल लिहिण्याचं कारण नव्हतं. गव्हर्नर जनरलपद भूषवलेलं, भारतरत्न मिळालेलं, वय ऐंशी. जानेवारी 1959 मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनानं सहकारी सामुदायिक शेतीचा ठराव केला. शेतकऱ्याची जमीन त्याच्या हातून जाईल आणि माणूस सरकारी परवानगीचा आश्रित बनेल, असं राजाजींना दिसलं, आणि त्याच वर्षी त्यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा अध्यक्ष झाले, मुंबईचे मिनू मसानी संघटनेला लागले, कन्हैयालाल मुन्शी सोबत आले. ‘परमिट-लायसन्स-कोटा राज’ हा शब्दप्रयोग राजाजींचाच. आर्थिक सत्ता आणि राजकीय सत्ता एकाच हाती गेली की सामान्य माणसाला दाद मागायला जागा उरत नाही, हे त्यांचं म्हणणं. पुढे 1991 मध्ये दिल्लीनं लायसन्स राज मोडायला घेतलं, तेव्हा ते म्हणणारा पक्ष शिल्लक नव्हता.

त्यांच्या तत्त्वाला अपवादही होते. सरकारनं शेतकऱ्याच्या बांधावर पाऊल टाकू नये म्हणणारे राजाजी दारूच्या बाबतीत मात्र सरकारनं पूर्ण बंदी आणावी याच मताचे. 1937 मध्ये सेलम जिल्ह्यातून त्यांनी ती सुरू केली. 1971 मध्ये करुणानिधींनी ती उठवायचं ठरवलं तेव्हा नव्वदी ओलांडलेले राजाजी त्यांना भेटून विनवणी करून आले. हिंदीच्या बाबतीत ते बदलले. 1938 मध्ये शाळांत हिंदी सक्तीची करणारे राजाजी साठच्या दशकात सक्तीचे कडवे विरोधक झाले.

मत बदलणं म्हणजे तत्त्व सोडणं नव्हे, हे मसानींकडे पाहिलं की आणखी कळतं. तीसच्या दशकात नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश, अच्युत पटवर्धन यांच्याबरोबर समाजवादी पक्षाची कल्पना रंगवणारा हा तरुण. रशियातल्या दडपशाहीनं त्यांचं मन फिरलं आणि ते खुल्या अर्थव्यवस्थेचे कैवारी झाले. पण आधी किंवा नंतर, एकाधिकाराशी त्यांनी तडजोड केली नाही. आणीबाणीत त्यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकावर सेन्सॉरची कात्री आली, तेव्हा ते कोर्टात गेले, आणि 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. बहुतेक मोठे संपादक गप्प होते त्या काळातली ही गोष्ट आहे. सत्तेकडे नेणारं मतांतर आणि सत्तेपासून दूर नेणारं मतांतर यांत फरक करायला लोकांना वेळ लागत नाही.

स्वतंत्र पक्षाचं खरं दुखणं त्याच्या बाकांवर होतं. राजस्थान, ओरिसा, बिहार इथले राजेरजवाडे पक्षात आले, आणि त्यांच्याबरोबर जागाही आल्या. 1962 मध्ये लोकसभेत 18, 1967 मध्ये 44, म्हणजे विरोधी पक्षांत सर्वाधिक. मग संस्थानिकांच्या तनख्यांचा प्रश्न आला. संस्थानं विलीन करताना राज्यघटनेत दिलेला शब्द सरकारनं परस्पर मोडू नये, ही पक्षाची भूमिका मला आजही योग्य वाटते, कारण आज राजाला दिलेला शब्द मोडता आला की उद्या शेतकऱ्याला दिलेला मोडणं सोपं जातं. पण हे सांगायला जे उभे होते, त्यांतल्या कित्येकांचा तनखाच पणाला लागला होता. कुणी विश्वास का ठेवावा? तत्त्व खरं असलं तरी ते हितसंबंधाच्या तोंडून निघालं की हितसंबंधच वाटतं. 1971 मध्ये आठ जागा उरल्या. पुढच्या वर्षी नाताळच्या दिवशी राजाजी गेले, आणि 1974 मध्ये पक्ष चरणसिंहांच्या भारतीय लोकदलात विसर्जित झाला.

तरीही या पक्षाच्या एका प्रसंगापुढे मी नेहमी थांबतो. एप्रिल 1964 मध्ये काश्मीरचे नेते शेख अब्दुल्लांची तुरुंगातून सुटका झाली. नेहरू थकले होते, आणि काश्मीरचा प्रश्न जाण्यापूर्वी सोडवता येतो का हे पाहत होते. त्यांच्याच पक्षात कुरबुर होती, जनसंघ तर उघड विरोधात. राजाजी पाच वर्षं नेहरूंच्या धोरणांवर दर आठवड्याला लेखणी चालवत होते. खिंडीत सापडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर वार करायला यापेक्षा चांगली वेळ नव्हती. त्यांनी मद्रासमध्ये अब्दुल्लांशी दीर्घ चर्चा केली आणि नेहरूंच्या प्रयत्नाला आपलं वजन दिलं. त्यात मतं नव्हती, उलट स्वतःच्याच समर्थकांची नाराजी होती. मे महिना संपायच्या आत नेहरू गेले. राजाजींनी लिहिलेल्या श्रद्धांजलीत आपल्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान असलेल्या आणि देशाला आपल्याहून कितीतरी प्रिय असलेल्या मित्राचा शोक होता. 1953 मध्ये विरोधकांचं न ऐकणारा माणूस अकरा वर्षांनी आपल्या सर्वांत मोठ्या विरोधकासाठी धावून गेला. पराभवानं त्यांना हे शिकवलं असावं, असं मला वाटतं.

स्वतंत्र पक्षानं आपल्या सभासदांना आणखी एक गोष्ट दिली होती. मूलभूत तत्त्वं सोडून बाकी सर्व विषयांवर हवं तसं मत देण्याची मोकळीक. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर ही मोकळीक कोणत्याच पक्षाच्या आमदार-खासदाराला उरली नाही. पक्षांतरं मात्र थांबली नाहीत. महाराष्ट्रानं 2022 आणि 2023 मध्ये दोन मोठे पक्ष फुटताना पाहिले. घाऊक पक्षांतराला वाट सापडते, एकट्या विवेकाला सापडत नाही.

एकट्या विवेकाचं उदाहरण आपल्याकडेच आहे. 9 मार्च 2010 रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक 186 विरुद्ध 1 मतानं मंजूर झालं. ते एक मत शरद जोशींचं होतं. चांदवडला लाखो शेतकरी बायांचा मेळावा भरवणारे, ‘लक्ष्मीमुक्ती’तून नवऱ्यांना बायकांच्या नावे जमीन करायला लावणारे जोशी. आळीपाळीनं मतदारसंघ राखून ठेवण्याच्या पद्धतीवर त्यांचा आक्षेप होता. त्यांचं मत चुकीचं होतं असं मानणारी खूप माणसं आहेत, आणि मीही त्यांच्यातच बसेन. पण ते देता आलं, कारण ते स्वतःच स्थापलेल्या स्वतंत्र भारत पक्षाचे सभागृहातले एकटे सदस्य होते. पक्षादेश काढणारं वर कुणी नव्हतं. मोठ्या पक्षात असे किती जण त्या दिवशी मान खाली घालून बसले असतील, हे कळायला आपल्याकडे मार्ग नाही. तो उघडता येतो. पक्षादेश सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न असेल तेव्हाच लागू व्हावा, ही शिफारस दिनेश गोस्वामी समितीनं 1990 मध्येच करून ठेवली आहे.