मोटेवरचा स्वर्ग

आग्र्यात ताजमहालाच्या अगदी समोर, यमुनेच्या पैलतीरावर, मेहताब बाग आहे. मी तिथे पोचलो तेव्हा ऊन उतरत होते. पात्रातले पाणी एका कडेला सरकले होते, उरलेल्या वाळूत म्हशी बसल्या होत्या आणि पलीकडे ताज क्षणाक्षणाला रंग पालटत होता. आग्रा हे नदीकडे तोंड करून वसलेले शहर आहे, हे मला तिथे उमगले.

मोगल काळात इथे दोन्ही काठांवर बागांची रांग होती. जयपूरच्या संग्रहात अठराव्या शतकातला एक नकाशा आहे, त्यात चाळीसहून अधिक बागा ओळीने मांडलेल्या दिसतात. चारबागेत, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेत, एरवी इमारत मधोमध असते. आग्र्यात ती सरकून नदीकाठच्या ओट्यावर आली आणि बाग तिच्या मागे राहिली. ताजही असाच काठावर उभा आहे. मेहताब बागेची रुंदी त्याच्या आवाराशी जुळवून घेतलेली आहे. पैलतीरावरची ही बाग हिशेबात धरली, की ताज पुन्हा मध्यावर येतो आणि यमुना त्या बागेतला एक पाट होते.

या रांगेची सुरुवात बाबराने केली. 1526 साली पानिपत जिंकून तो आग्र्याला आला. इथला उन्हाळा, धूळ आणि वाहत्या पाण्याचा अभाव यांनी तो हैराण झाला, आणि हे त्याने ‘बाबरनाम्या’त मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. बागेसाठी यमुनेपलीकडची जागा पाहिली तेव्हा तिच्या ओसाडपणाने त्याचे मन विटले. तरी त्याने तिथेच विहीर खणली, हमाम बांधला, आखीव वाफे काढून गुलाब लावले. त्याच्या सरदारांनीही शेजारी बागा केल्या. लोक त्या काठाला ‘काबूल’ म्हणू लागले. पुढे आपल्या आग्र्याच्या बागेत द्राक्षे आणि खरबुजे पिकलेली पाहून तो सुखावला. मायदेशाच्या आठवणीने व्याकुळ झालेल्या माणसाने परक्या मातीत आपले गाव लावून पाहिले होते.

पण काबूलच्या बागेत पाणी डोंगरावरून आपोआप उतरते. इथे नदी खोल आणि काठ उंच. आग्र्याकडे बैल जुंपून दोरावर चामड्याची मोठी बादली ओढतात, हेही बाबराने नोंदवले आहे. ही रीत त्याला कष्टाची आणि घाणेरडी वाटली. वर्णन वाचताना मराठी वाचक लगेच ओळखतो: ही तर आपली मोट! पुढे त्याच्या खापरपणतवाने, शाहजहानाने, ताजचे कालवे आणि कारंजी खेळवली ती याच साधनावर. बैलांच्या ओढीने नदीचे पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवत टाक्यांत नेले जाई. संगमरवरातला तो स्वर्ग मोटेवर चालत होता.

आपल्या भाषेतही तीच गोष्ट नांदते आहे. बाग, बगीचा, गुलाब हे शब्द फारसीतून आले, हौद आणि फवारा अरबीतून. पण बागेत राबणारा माळी संस्कृत कुळातला. बागेचे स्वप्न दुरून आले, तिला जगवणारे हात इथलेच होते.

मराठ्यांच्या आठवणीत आग्रा म्हणजे 1666 सालचा तो दरबार, ती नजरकैद आणि शिवाजी महाराजांची सुटका. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर शिंद्यांच्या ताब्यात होते. बाबराच्या नावाशी जोडलेल्या ‘आराम बागे’चे ‘राम बाग’ झाले ते त्याच काळात, असे मानतात. कैदेची आठवण ज्या शहराशी जोडलेली, तिथल्या एका बागेच्या नावात आपला उच्चार मुरलेला असावा, याचे मला फार अप्रूप वाटले.

बांधलेले टिकते, लावलेले मात्र जपावे लागते. 1652 साली औरंगजेबाने बापाला पत्रातून कळवले, की पुराने मेहताब बाग पाण्याखाली गेली आहे. पुढे गाळाचे थर चढत गेले. तिथल्या अवशेषांवरून, इथे दुसरा, काळा ताज उभा राहणार होता, अशी दंतकथा पसरली. 1990च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, तेव्हा काळ्या इमारतीचा पाया सापडला नाही. सापडला तो एक मोठा अष्टकोनी हौद, 25 कारंज्यांचा. ताजचे प्रतिबिंब धरण्यासाठी पाण्याचा आरसा मांडला होता. लोक दुसरा ताज दगडात शोधत राहिले, आणि तो होता पाण्यात.

तो हौद आज कोरडा आहे. मी निघालो तेव्हा एक माळी रोपाभोवतीचे आळे मोकळे करून डब्याने पाणी घालत होता. त्याची पाठ ताजकडे होती. पाणी मातीत जिरेपर्यंत तो थांबला, मग रिकामा डबा उचलून पुढच्या आळ्याकडे गेला.