दोन तालांतांचा सेवक

मनुष्याने आपल्या व्यवसायात किती वर जावे, कोठे थांबला असता त्यास समाधानी म्हणावे आणि कोठे थांबला असता आळशी म्हणावे, हा प्रश्न तसा जुनाच आहे. अलीकडे तो एका नव्या रूपाने आमच्यापुढे आला. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण छोट्या पल्ल्याच्या विमानसेवेत वैमानिक आहे. सुमारे सत्तर आसनांचे, पंख्यांचे एटीआर विमान तो चालवितो. त्याच्याबरोबर शिकलेले बहुतेक जण मोठ्या जेट विमानांवर गेले, काही आखातात स्थायिक झाले. त्याचे वृद्ध आईवडील, पत्नी व लेकरू नागपुरात आहेत. त्याने विचारले, “फादर, मी निवृत्तीपर्यंत इथंच राहिलो, तर त्याला समाधान म्हणायचं की भित्रेपणा?”

आपल्याकडे वैमानिकास प्रवासी विमान वयाच्या ६५व्या वर्षापर्यंत चालविता येते. तिशीतल्या माणसाने हा प्रश्न विचारणे म्हणजे उरलेल्या तीसेक वर्षांचा हिशेब मांडणे होय. तेव्हा ‘देवावर हवाला ठेव’ एवढे सांगून त्याची बोळवण करणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

प्रथम, काम लहान की मोठे हे कशावरून ठरवावे? या बाबतीत नागपूरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. १९४९ साली देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री आपल्या सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडण्यापूर्वी ती आपापल्या गावी परत जात. त्या वैमानिकांची नावे आज कोणास ठाऊक आहेत? परंतु कलकत्त्याच्या आईचे पत्र मुंबईच्या मुलास दुसऱ्या दिवशी मिळे, ते त्यांच्यामुळे. कामाची थोरवी यंत्राच्या आकारावर नव्हे, तर त्या कामाने कोणाचे ओझे हलके झाले यावर ठरते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली श्रमावर लिहिलेल्या परिपत्रकाचा गाभाही हाच आहे: श्रमाचे मूल्य मुळात तो करणाऱ्या माणसावरून ठरते, आणि काम माणसासाठी असते, माणूस कामासाठी नव्हे.

आज आपल्या विदर्भात हीच सेवा निराळ्या रूपाने होत आहे. गोंदियाजवळच्या बिरसी येथून मार्च २०२२मध्ये प्रवासी विमान उडाले; अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. एटीआर फार तर पंचवीस हजार फुटांपर्यंत चढते. जेट ज्या ढगांच्या वरून निघून जाते, त्यांतूनच याला पुष्कळदा वाट काढावी लागते. त्यातच पल्ले लहान, म्हणून उतरणे व उडणे वारंवार. हे काम कौशल्याने कमी आहे, असे जाणकार म्हणणार नाही.

तथापि नाण्याची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गोंदियाची ती पहिली सेवा काही महिन्यांतच थांबली आणि दुसऱ्या कंपनीचे विमान येण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. छोटे मार्ग पाण्यावरच्या रेघेसारखे असतात. आणि मोठ्यांचे तरी काय? किंगफिशर २०१२मध्ये, जेट एअरवेज २०१९मध्ये आणि गो फर्स्ट २०२३मध्ये जमिनीवर आली. प्रशिक्षणासाठी घेतलेले लाखोंचे कर्ज मात्र कंपनीबरोबर बुडत नाही. ते घराच्या उंबऱ्यात बसून राहते. म्हणून समाधानाच्या नावाखाली कुटुंबाच्या निर्वाहाकडे डोळेझाक करणे हा सद्गुण नव्हे. आणि अधिक वेतन म्हणजे अधिक सुरक्षितता, हेही गृहीत धरता येत नाही.

शरीराचाही विचार केला पाहिजे. ऑगस्ट २०२३मध्ये आपल्याच विमानतळावर, पुण्याला निघालेल्या विमानाचा चाळिशीतला वैमानिक प्रवेशद्वारापाशी कोसळला व मरण पावला. त्या मृत्यूचे कारण शोधण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण त्या दिवशी शहरातील पुष्कळांना प्रथमच जाणवले, की त्या पांढऱ्या सदऱ्याच्या आतही एक हृदय धडधडत असते. पुढे जानेवारी २०२४मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम जाहीर केले. ते पूर्णपणे लागू होताच डिसेंबर २०२५मध्ये देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. माणसाची झोप गृहीत धरून वेळापत्रके आखली, की असे होते. ‘खून करू नको’ ही पाचवी आज्ञा केवळ शस्त्रधाऱ्यांसाठी नाही. ‘आज मी थकलो आहे, विमान चालवू शकत नाही’ असे वरिष्ठांना सांगणारा वैमानिकही ती पाळीत असतो. म्हणून कोणतीही नोकरी निवडताना एक कसोटी लावावी: तेथे हे वाक्य निर्भयपणे उच्चारता येते काय?

आता तरुणाच्या मूळ प्रश्नाकडे वळू. भित्रेपणाची शंका त्याच्या मनात आली ती, आम्हांस वाटते, तालांतांच्या दृष्टान्तामुळे. धन्याने दिलेला तालांत जमिनीत पुरणाऱ्या सेवकाची कथा आपण बालपणापासून ऐकतो. परंतु संत मत्तयच्या शुभवर्तमानातील तो पंचविसावा अध्याय सावकाश वाचावा. पाच तालांतांचे दहा करणाऱ्या सेवकाला धनी जी शाबासकी देतो, अगदी तीच, शब्दाला शब्द तीच, दोनाचे चार करणाऱ्यास देतो. दोनवाल्याने पाचवाल्याची बरोबरी का केली नाही, असे तो विचारीत नाही. दोषी ठरतो तो तिसरा, आणि तोही त्याचा तालांत लहान होता म्हणून नव्हे, तर भिऊन त्याने तो पुरला म्हणून.

तेव्हा राहण्यात दोष नाही आणि जाण्यातही नाही. भीतीपोटी राहण्यात आहे, तसाच हावेपोटी जाण्यात. आपल्या मनात यांपैकी काय आहे हे कसे ओळखावे? संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेत निवडीसाठी उपाय सुचविले आहेत. ज्यास कधी पाहिले नाही असा कोणी परका माणूस हाच पेच घेऊन आला, तर त्याच्या कल्याणासाठी काय सांगाल? आणि मरणाच्या घटकेला आज कोणती निवड केली असती तर बरे, असे वाटेल? या दोन प्रश्नांपुढे शेजाऱ्यांचे मत, सोबत्यांचे पगार व गणवेशावरील पट्ट्या बाजूला पडतात. उरतात ती माणसे आणि परमेश्वर.

त्या तरुणाला आम्ही उत्तर दिले नाही, हे दोन प्रश्न दिले. पत्नीबरोबर बसून कर्जाचा, आईवडिलांच्या आजारपणाचा व रजेच्या दिवसांचा हिशेब कागदावर मांड, मग प्रार्थना कर, असे सुचविले. त्याने मोठे विमान निवडले तरी आमचा आशीर्वाद त्याच्याबरोबर राहील. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली लोरेतोच्या पवित्र मातेला वैमानिकांची आश्रयदाती घोषित केले, तेव्हा विमानाच्या आकाराची अट घातली नव्हती.

मात्र, वाचकहो, आपल्या कुटुंबांनाही एक विनंती आहे. रविवारच्या मिस्सेनंतर मंदिराच्या आवारात असा एखादा तरुण भेटला, की आपण हटकून विचारतो, “मोठ्या विमानावर कधी जाणार?” प्रश्न आपुलकीचा असतो, पण त्याच्या कष्टाला तो अर्धवट ठरवितो. आमच्यासारख्या धर्मगुरूंनाही लोक कौतुकाने “बिशप कधी होणार?” असे विचारतात, म्हणून त्याचा सल आम्ही जाणतो. पुढच्या वेळी त्याला एवढेच विचारू या: “काल कोणाला घरी पोहोचविलेस? आणि तुझी झोप झाली ना?”