लालनपालन म्हणजे काय?



तुटक्या जाळ्यात पाय कापलेले कासव भाट्ये किनाऱ्यावर आले की माणसे जमतात, हळहळतात आणि घरी जातात. ही हळहळ म्हणजे करुणा नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बोधिसत्त्व बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर नुसती दया करावयास सांगत नाही, त्यांचे लालनपालनही करावयास सांगते. पहिले शील मारू नका म्हणते. ही प्रतिज्ञा पुढे जाऊन जगवा म्हणते.

कोणी विचारील, "आम्हालाच कोणी माणूस मानले नाही, मग आम्ही कासवाची काळजी का वाहावी?" प्रश्न रास्त आहे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत. आपल्या वाडवडिलांना मात्र मनाई होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ती मोडली. पण तो अन्याय जनावरांनी केला नव्हता, माणसांनी केला होता. मुंगीला साखर घालायची आणि माणसाला पाणी नाकारायचे, ही दया खोटी. आपली करुणा माणसालाही वगळीत नाही आणि मुक्या जिवालाही वगळीत नाही.

सिद्धार्थाने घायाळ हंसाचा बाण काढला, त्याची शुश्रूषा केली. सम्राट अशोकाने गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर पशूंच्याही उपचारांची सोय केल्याचे कोरविले. करुणेला औषध लागते, वैद्य लागतो, व्यवस्था लागते.

आपल्या जिल्ह्यातच पाहा. चिपळूणला १९९२ साली 'सह्याद्री निसर्ग मित्र' ही संस्था स्थापन झाली. २००२ पासून तिने वेळासच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखली, पिल्ले समुद्रात सोडली. वेळास मंडणगड तालुक्यातले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवेही त्याच तालुक्यातले. पालघर जिल्ह्यात डहाणूला जखमी समुद्री कासवांसाठी उपचार केंद्र उभे राहिले.

मग भाट्याला का नको? १८६० च्या कायद्याने सात माणसांना संस्था नोंदविता येते. त्या सातांत बायाबापड्या असोत, मच्छीमार असोत, सर्व समाजांचे लोक असोत. पै-पैचा हिशेब सभेपुढे ठेवावा. वन्यजीव घरी ठेवणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणून वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि त्यांच्या परवानगीने पशुवैद्याकडून उपचार करवून घ्यावेत. दमलेले कासव लगेच समुद्रात ढकलू नये, ते बुडते. सावलीत ठेवून पाठीवर ओले फडके घालावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात. त्याला अवतार म्हणून हळदकुंकू वाहू नये. जखमी जीव म्हणून जपावे.

संघटित व्हा, हा बाबासाहेबांचा आदेश मुक्या जिवांच्या कामीही येऊ द्या. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर सात नावे कागदावर लिहू या.

जयभीम! नमो बुद्धाय!