उरलेल्याचा हिशेब

घरच्या जमाखर्चांत जें जुळत नाहीं तें आपण ‘किरकोळ’ या सदरांत टाकतों. संसार चालण्यास एवढी मोकळीक हवीच. परंतु सत्यशोधनांत ही मोकळीक कोठवर घ्यावी, हा प्रश्न नीतीचा आहे, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत न्यू जर्सी संस्थानांत होमडेल येथें बेल प्रयोगशाळेनें उभारलेला शिंगाच्या आकाराचा एक मोठा अँटेना आहे. रेडिओयंत्रांतील खरखर उष्णतेच्या अंशांनीं मोजतात. १९६१ सालीं ओम नांवाच्या अभियंत्यानें या अँटेनाची खरखर मोजली, तों ती अपेक्षेहून सुमारें ३ अंश अधिक भरली. मापनांतील संभाव्य चूक तेवढी असूं शकत होती. म्हणून त्यानें आंकडा नमूद केला आणि प्रश्न तेथेंच राहिला. १९६४ सालीं आर्नो पेंझियास व रॉबर्ट विल्सन यांस तीच शिल्लक आढळली. त्यांनीं यंत्र न्यू यॉर्ककडे वळवून पाहिलें, सांधे बुजविले, आंत राहणाऱ्या कबुतरांस हांकून त्यांची घाण काढली. ऋतु पालटले, तरी खरखर सर्व दिशांनीं सारखीच येत राहिली.

१९६५ सालीं प्रिन्स्टनच्या रॉबर्ट डिक यांच्या मंडळानें तिचा अर्थ सांगितला. विश्व सुमारें ३,८०,००० वर्षांचें असतांना त्यांतील तप्त वायु निवळला व प्रकाश मोकळा झाला. तोच जवळजवळ १३८० कोटी वर्षें प्रवास करून, विश्वाबरोबर ताणला जाऊन, निरपेक्ष शून्याच्या वर अवघा २.७ अंश उष्ण असा आपणांस भेटतो. १९९२ सालीं कोबे उपग्रहाच्या मापनांतून त्यांत लाखांत एक एवढा भेद दिसून आला. अशा सूक्ष्म भेदांतूनच पुढें दीर्घिका घडल्या.

मग ओम यांचें चुकलें काय? आम्हांस तसें म्हणवत नाहीं. प्रत्येक तफावतीमागें वर्ष घालविणाऱ्याचें कोणतेंच काम तडीस जाणार नाहीं. त्यांनीं आंकडा झांकला नाहीं, छापला. त्यामुळें मागाहून पाहणारास तो सांपडला. उरलेल्या प्रत्येक गोष्टीचें कारण शोधणें हें सर्वांचें कर्तव्य नव्हे. ती लिहून ठेवणें मात्र सर्वांचें आहे. अपेक्षेशीं जुळावें म्हणून जो आंकडा पुसतो, तो स्वतःस फसवितोच, शिवाय मागाहून येणाराची वाटहि बंद करतो. विश्वाच्या बाल्याची साक्ष ज्या ३ अंशांत होती, ते कोणीं खोडले नाहींत, हें आपलें भाग्य.