पाहुण्याची नजर

होळीच्या सुमारास आम्ही शिक्षकमंडळी धुळ्याहून तोरणमाळला गेलो. १९९८ पर्यंत हे पठार धुळे जिल्ह्यातच होते. आता ते नंदुरबारात आहे. वाटेतला पावऱ्यांचा भोंगऱ्या बाजार, ते ढोल, त्या बासऱ्या, आणि वर यशवंत तलावाचे निवांत पाणी पाहून मी उद्गारलो, “हे सारे असेच राहावे!” जवळच बसलेला पावरा म्हातारा शांतपणे म्हणाला, “मग गुरुजी, आमच्या पोरांनी शाळेत येऊ नये का?”

मला उत्तर सुचेना. आपण दोन दिवस ज्याला निसर्ग म्हणतो, तो दुसऱ्याचा बारमाही संसार असतो. त्यातले काय जपावे नि काय टाकावे, हे घरधन्यानेच ठरवायचे. पाहुण्याने भरल्या मनाने परतावे. अटी घालू नयेत.