घरपट्टी आणि नवे गाव

निवृत्तीच्या वर्षी आमच्या घरात एक वही सुरू झाली. मुंबईच्या उपनगरातील साडेचारशे चौरस फुटांचे घर विकून नाशिकला, गंगापूर रोडच्या परिसरात, राहावयास जावे की न जावे, याचा हिशेब तीत मांडावयाचा होता. पानाच्या मधोमध रेघ ओढून आम्ही एका बाजूस ‘खर्च’ असे लिहिले आणि दुसऱ्या बाजूस ‘सुख’. खर्चाच्या बाजूची पहिली नोंद घरपट्टीची होती. १ जानेवारी २०२२ पासून मुंबई महापालिकेच्या हद्दीतील ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला आहे. म्हणजे मुंबईत शून्य, आणि नाशिकला दरसाल घरपट्टी, शिवाय पाणीपट्टी.

सुखाच्या बाजूसही लिहिण्याजोगे पुष्कळ होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मुंबईची दमट हवा ज्यांच्या छातीला सोसत नाही, त्यांना तेथील कोरडी, थंड सकाळ हेच अर्धे औषध वाटते. अशोक स्तंभापासून निघालेला गंगापूर रोड गोदावरीच्या उजव्या अंगाने आनंदवल्ली, सोमेश्वर असे करीत गंगापूर गावाकडे जातो. संध्याकाळी नदीकाठी फिरणे होईल, आणि १९८७ साली नाशिक स्वतंत्र धर्मप्रांत झाला असल्याने मिस्सासाठी व आजारपणात साक्रामेंतांसाठी आपण परके राहणार नाही, असाही विचार होता.

असा हिशेब करणारे आम्हीच काही जगावेगळे नव्हे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तेथील घरपट्टी त्या देशातील सर्वांत जड घरपट्ट्यांपैकी एक समजली जाते. त्यामुळे मुले मोठी झाली, नोकरी संपली, की उबदार फ्लोरिडाकडे निघण्याच्या गोष्टी तेथे सुरू होतात. फ्लोरिडात राज्याचा आयकरही नाही. तिकडचे निवृत्त लोक उबेकडे सरकतात, आपण मुंबईकर थंडीकडे. वहीतील रेघ मात्र दोन्हीकडे तीच.

हा हिशेब करण्यात पाप नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा दाखला लूकच्या शुभवर्तमानातच आहे. ज्याचे उत्पन्न ठरलेले आणि औषधांचा खर्च वाढता, त्या वृद्धाने दरसालच्या कराची चिंता केली तर त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. आमचाही प्रश्न येथवर केवळ व्यवहाराचा होता. तो नीतीचा कसा झाला, ते सांगतो.

घर दाखविणारा दलाल मोठा बोलका होता. घराला एक प्रशस्त बाल्कनी होती. पूर्वीच्या मालकाने ती बंद करून तिची खोली केली होती. घरपट्टीविषयी आम्ही विचारताच तो हसून म्हणाला, “काका, त्याचं टेन्शन घेऊ नका. ही खोली नोंदीत नाहीच. कुणी विचारलं तर बाल्कनी म्हणायचं. इथं सगळे असंच करतात.” आम्ही काही बोललो नाही. खरे सांगावयाचे तर मनात बरेच वाटले. वहीतील आकडा खाली येणार होता. परतीच्या गाडीत सौभाग्यवतींनी कसाऱ्यापर्यंत मौन पाळले आणि मग एवढेच विचारले, “ज्या गावात पहिला कागदच खोटा भरायचा, त्या गावाला आपलं कसं म्हणायचं?”

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही वही पुन्हा उघडली आणि प्रथमच लक्षात आले, की घरपट्टी म्हणजे काय याचा विचारच आम्ही केला नव्हता. नाशिकची जकात २०१३ साली गेली. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही पुढे गेला, आणि २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. त्यानंतर राज्याकडून येणारे अनुदान वगळले, तर महापालिकेच्या स्वतःच्या हाती राहिलेल्या मोठ्या उत्पन्नांत घरपट्टीच प्रमुख. रस्त्यावरचा दिवा, गटार, कचऱ्याची घंटागाडी, पालिकेचे रुग्णालय, पालिकेची शाळा, ही सारी तिच्यावर विसंबून असतात. घरपट्टीच्या बिलात राज्याचा शिक्षण करही असतो. न्यू जर्सीत तर घरपट्टीचा मोठा वाटा सार्वजनिक शाळांकडेच जातो. आपली मुले त्या शाळांत शिकवून घ्यावयाची आणि दुसऱ्यांच्या मुलांची पाळी आली की कर जड म्हणून गाव सोडावयाचे, यात कायद्याचा भंग नाही. पण सद्सद्विवेकबुद्धीला क्षणभर थांबावयास लावील, असे काहीतरी त्यात खचित आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयी जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्यात न्याय्य कर युक्तीने चुकविणाऱ्यांचा स्पष्ट निषेध आहे. त्यातील ‘न्याय्य’ हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कारण प्रत्येक कर न्याय्यच असतो, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. १ एप्रिल २०१८ पासून नाशिक महापालिकेने नव्या मिळकतींसाठी भाडेमूल्याचे दर मोठ्या प्रमाणावर वाढविले, मोकळ्या जमिनीही कराच्या कक्षेत आणल्या, आणि शहरात मोठा असंतोष उसळला. एकाच रस्त्यावरील दोन सारख्या घरांपैकी जुन्याला एक दर आणि नव्याला त्याच्या कितीतरी पट दर, हे कोणत्या न्यायात बसते, असे लोक विचारीत होते, आणि तो प्रश्न रास्त होता. परंतु त्या वेळी नागरिक आणि शेतकरी उघडपणे सभांना गेले, मोर्चे निघाले, हरकती नोंदविल्या गेल्या. अन्याय्य कराला विरोध करण्याचा हा मार्ग सर्वांच्या देखत चालण्याचा आहे. बंद बाल्कनीला उघडी म्हणण्याचा मार्ग एकट्याचा, अंधारातला. पहिल्या मार्गाने कर सर्वांसाठी बदलू शकतो. दुसऱ्याने तो आपल्यापुरता कमी होतो आणि तेवढाच भार शेजाऱ्याच्या खांद्यावर सरकतो. तो शेजारी बहुधा असा असतो, ज्याला दलाल परवडत नाही.

एवढे झाल्यावर आम्ही सुखाच्या बाजूकडे वळलो. तेथेही आमची समजूत अपुरी होती. ती स्वच्छ हवा, ती नदी, ते नळाचे पाणी आम्ही आयत्या मिळणाऱ्या वस्तूंप्रमाणे लिहिले होते. वस्तुतः नाशिकला पाणी पुरविणारे गंगापूर धरण १९६५ साली पुरे झाले, ते आमच्या पैशाने नव्हे. त्याच पाण्यावर खाली मराठवाड्याचाही हक्क आहे. टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठी पाणी सोडताना किती तंटे होतात, हे आपण वाचतोच. ज्या जमिनीवर आज इमारती आहेत, तेथे कोणाचे तरी मळे होते. आमच्यासारखे लोक मुंबईचे घर विकून हातात पैसा घेऊन येतात, तेव्हा भाव चढतात, आणि आनंदवल्लीत जन्मलेल्या तरुणाला आपल्याच गावात घर घेणे कठीण होते. आमच्या सुखाचा काही भाग असा दुसऱ्याच्या अडचणीतून आला असेल, तर घरपट्टी ही त्या सुखातून वजा होणारी रक्कम कशी? ते तर आमच्यावरील ऋणाच्या फेडीचे केवळ पहिले पाऊल.

नाशिकला बाहेरून येणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी शरणपूर वसविले, आणि गुलामगिरीतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांनाही तेथे आसरा मिळाला. त्या मुलांना निवड नव्हती. गाव स्वीकारील की नाही, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आमच्यापाशी निवड होती. म्हणून प्रश्न उलटा होता: आम्ही त्या गावाला स्वीकारणार, की केवळ वापरणार? कोठे सर्वांत कमी द्यावे लागेल, एवढेच पाहून गाव निवडणारा माणूस कोठेही राहिला तरी पाहुणाच राहतो. कोणत्या गावाचे देणे लागण्यास आपण मनापासून तयार आहोत, हा प्रश्न विचारील तोच पुढे गावकरी होतो.

आम्ही गेलो. नोंदणीच्या वेळी ती खोली आम्ही मोजून दाखविली. दलाल नाराज झाला. अर्ज घेणाऱ्या कारकुनाने मान वर करून आमच्याकडे एकदा पाहिले, एवढेच. वाढलेली रक्कम वर्षाला आमच्या घरच्या दोन महिन्यांच्या दुधाच्या बिलाएवढी आहे. ती भरताना दरवेळी आनंद होतो, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. कधी रस्त्यावरचा खड्डा पाहून चीडही येते. पण ती चीड आता आपल्या घरातील माणसावर येते तशी असते. त्या खड्ड्याबद्दल विभागीय कार्यालयात तक्रार द्यावयास आम्ही जातो, तेव्हा आमच्या पिशवीत भरलेल्या घरपट्टीची पावती असते.